पाठमोरी आई

"इथे ओठ दिसत नाहीत, म्हणजे बोलायला जागा आहे," काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला. "म्हणा ताई, 'बाळा, लढ. माझी काळजी करू नकोस.'"

मी हेडफोन काढून ठेवले. शी! सिनेमाभर रक्ताचे पाट वाहत होते, त्यांचीही इतकी किळस आली नव्हती.

सोळाव्या वर्षी पोरांना सरकार उचलून नेतं, अशा शहराची ही गोष्ट. त्यातल्या आईला पहिल्या भागापासून माझा आवाज. तो भाग बरा होता हो. या दुसऱ्यात मात्र नुसता बाजार मांडलाय. नायिकेपुढे दोन पोरं गोंडा घोळतात, जो तो उंचावर चढून भाषण ठोकतो, शहर जळून खाक झालं तरी हिचं काजळ जागच्या जागी! आणि गोष्ट अर्ध्यावर तोडून म्हणे पुढचं तिसऱ्या भागात बघा. एवढ्या चिखलात एकच प्रसंग खरा. पळालेली मुलगी घरी येते. शिपाई जिन्यात पोचलेत, आणि आई पाठमोरी बसून तिच्या केसांतला गुंता सोडवते. आईला या भागात एवढंच काम. शब्द एक नाही, फक्त श्वास. ते मी सकाळीच जीव ओतून दिले होते.

"ती गप्प आहे म्हणून तर सीन उभा राहतो," मी म्हणाले.

"पोरंटोरं बघणार ताई. गप्प बाई त्यांना कळत नाही."

"माझ्या पोरीला कळतं."

"हे बघा, तुम्ही नाही तर दुसरी बोलेल. तिसऱ्या भागातही मग तीच."

तिसऱ्या भागात आईचं मोठं काम होतं. उभा जन्म गर्दीतल्या किंकाळ्या आणि शेजारणी केल्यावर मिळालेली ही एकुलती एक भूमिका. तरी तोंडातून निघून गेलं, "मग बोलवा तिला."

घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

मुलीला काहीच सांगितलं नाही. सिनेमा लागला तेव्हा तिनेच हौसेने तिकिटं काढली. शेजारी बसून ती कचाकचा पॉपकॉर्न खात होती. तो प्रसंग आला.

"बाळा, लढ," पडद्यावरची आई म्हणाली. गोड, घोटीव आवाज. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला शिसारी आली.

माझी पोर माझ्याकडे वळली. "आई, ही तू नाहीयेस."

"नाही."

पडद्यावर कंगवा फिरत राहिला. तिने कान दिला.

"पण श्वास तुझा आहे. माझे केस विंचरताना तू असंच करतेस."

मेल्यांनी तेवढा पुसायचा कंटाळा केला होता. पडद्यावर शिपायांनी दार फोडलं. मुलीने पॉपकॉर्नचा डबा पायाशी ठेवला आणि तोंडातला घास न चावता तशीच बसून राहिली.