बस तूच चालवत होतास

मित्रांनो, मी एक जुनी आन्सरिंग मशीन आहे. माझ्या पोटात आता कॅसेट नाही, म्हणून फोन वाजला तरी मी मुकीच.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात रवी आणि भावनाच्या घरी आले तेव्हा माझं केवढं कौतुक! "काकू, शनिवारचं पॉटलक कॅन्सल केलंय," असले निरोप मी जपायची. मग त्यांनी नवी मशीन घेतली आणि रवीने मला गोरानला देऊन टाकलं. गोरान बोस्नियाच्या युद्धातून आलेला, एकटा, रवीच्याच प्लँटमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. आठ महिने माझ्यावर एकही निरोप आला नाही.

सत्त्याण्णव साली युद्धगुन्ह्यांच्या कोर्टाचे तपासनीस त्याला भेटून गेले. त्याच्या जुन्या कॅप्टनवर खटला भरायचा होता. कैद्यांची बस कधी नव्हतीच, असं कॅप्टन सगळीकडे सांगत होता. आठवड्याभरात त्याचाच निरोप आला.

भावनाने दिलेलं भाजीचं पातेलं घेऊन रवी आला, तेव्हा गोरानचं बोट माझ्या निरोप पुसायच्या बटणावर होतं. त्याने निरोप ऐकवला आणि अर्थ सांगितला : "भावा, बस तूच चालवत होतास. बोललास तर तूही अडकशील."

"मग पूस ना, यार! ही टेप दिलीस तर तूही आत जाशील. का व्हिसा देणारेत तुला?"

"असलेला व्हिसाही जाईल." गोरान हसला. "जाताना बस भरलेली होती, रवी. येताना रिकामी. तेव्हा तो माझ्या शेजारी बसला, खांद्यावर हात टाकला आणि पहिल्यांदा भाऊ म्हणाला. मला त्याचा भाऊ म्हणून मरायचं नाही."

त्याने माझी कॅसेट काढली, खिशात घातली. साक्षीला गेला तो परत आलाच नाही.

रवीने मला आणून किचनच्या कपाटावर टाकलं. इथे पॉटलकला घरून एकेक पदार्थ घेऊन जमलेले लोक ढोकळा खातखात म्हणतात, "आपल्याच माणसांवर उलटला. असल्याचा काय भरवसा?" आपली माणसं! त्या बसमध्ये भरलेली कुणाची होती, हे एकही जण विचारत नाही. आणि रवी सगळ्यांना चहा देत फिरतो.

परवा नव्या मशीनवर गोरानचा आवाज आला. "रवी, सगळं सांगून झालं. एकदा फोन कर." रवी घरात एकटाच होता. त्याने तो दोनदा ऐकला आणि पुसला. त्या बटणाचा आवाज मला चांगला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. मला फक्त एक कोरी कॅसेट आणून द्या. तो पुन्हा फोन करेल, आणि या घरात त्याचं ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.