एका वितीत तीन धागे

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे आणि पहिल्यापासून घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून तुम्ही शौर्याची अपेक्षा करणार नाही.

एका लांबलचक छपराखाली मला वळलं. झाडाच्या सालीचे तंतू विंचरले, पिळले, त्यांचे तीन पदर केले आणि ते तीन पदर एकमेकांत घट्ट गुंफले. मला ओढून बघत तिथला कामगार म्हणाला, "हा हत्तीलाही दाद देणार नाही." मला तेव्हाच धडकी भरली. म्हटलं, हत्ती कशाला आणताय मध्येच?

हत्ती आला नाही. मला विद्यापीठाच्या नाट्यविभागात आणलं. रंगमंचावर उंच, छताजवळ एक लोखंडी कप्पी होती. तिच्यावरून मला ओवलं. माझं एक टोक बाजूच्या खुंटीला गुंडाळलं आणि दुसऱ्या टोकाला एक भिंत बांधली. लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली, मध्ये खरी खिडकी असलेली भिंत. वजन दोन धडधाकट माणसांएवढं. नाटकात घर हवं असलं की ती वरून खाली यायची, नको असलं की वर जायची. रंग बदलून ती कधी तुरुंगाची झाली, कधी इस्पितळाची. मी मात्र दोरच राहिलो.

माझ्या खाली मुलं बसायची. वाक्यं पाठ करायची, भांडायची, डबे खायची, एकमेकांच्या मिशा चिकटवून द्यायची. वर कुणीच बघत नसे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि मला तोच सोसत नसे.

माझी काळजी दोन माणसं घेत. एक मिस्त्री, ज्यांनी ती भिंत केली. दुसऱ्या त्यांच्या पत्नी. त्या कपडेपटात शिवणकाम करायच्या. मुलं त्यांना काकू म्हणत. काकू मिस्त्रींना सांगायच्या, "अहो, भिंत तुमची, पण दोर माझा. धाग्यातलं तुम्हाला काही कळत नाही."

प्रत्येक नव्या नाटकाच्या आधी मिस्त्री भिंत खाली घेऊन जमिनीवर आडवी करत. मग काकू डोळे मिटून, मुठीतून मला सगळाच्या सगळा ओढून बघत. डोळे फसतात, हात फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. जिथे तंतू तुटून हाताला टोचत, तिथे त्या शिवणाचा लाल धागा बांधत. त्यांचा नियम साधा होता. एका वितीत तीन धागे आले की दोर बाद.

मुलं विचारत, "काकू, दोन झाले तर?"

"तर तिसऱ्याची वाट बघायची. पण रोज बघायची, झोपायचं नाही."

मी कप्पीवर जिथे वाकतो, तिथे त्यांच्या हातचे दोन धागे होते. एकाच वितीत. तेवढ्यात काकू आजारी पडल्या आणि गेल्या.

मिस्त्री पंधरा दिवसांनी कामावर आले. खिळे, करवत, रंग, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. फक्त भिंत आडवी करणं बंद झालं. ते खालूनच मान वर करून बघत. दोन लाल ठिपके दिसले की "आहे, ठीक आहे" म्हणत आणि निघून जात. अशी दोन वर्षं गेली. मला कळत होतं, मित्रांनो. हात फिरवला असता तर तिसरा धागा बांधावा लागला असता. तिसरा बांधला की मी बाद, आणि माझ्याबरोबर काकूंच्या हातच्या त्या दोन गाठीही बाद.

त्यांचं दुःख मला कळत होतं. पण माझ्या आत एकेक तंतू तुटत होता. कट्. मग चार दिवस काही नाही. मग पुन्हा कट्. मला तोंड नाही, ओरडू कसं?

त्याच सुमारास विभागात एक नवी मुलगी आली. नाटकात काम करायचं म्हणून आली आणि पहिल्याच चाचणीत तिने उभं राहून नुसते ओठ हलवले. मुलांनी तिचं नाव पुटपुट ठेवलं. नाटक बसवणाऱ्या सरांनी तिला एकच वाक्य दिलं, "खिडकी उघडी राहू दे," आणि बाकीचा वेळ मिस्त्रींच्या हाताखाली पाठवलं.

"काका, मला इथेही भीती वाटते," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"मग तू माझ्या कामाची," मिस्त्री म्हणाले. "न घाबरणारी पोरं इथे बोटं तोडून घेतात."

तिला खिळे काढणं आलं, चौकट सांधणं आलं, अंधारात पायऱ्या मोजून चढणं आलं. माझ्याबद्दलही तिने विचारलं. ते लाल काय आहे? मिस्त्रींनी काकूंचा नियम तिला सांगितला, पण मूठ कशी फिरवायची ते दाखवलं नाही.

पहिला प्रयोग दुपारी चारचा होता. सकाळी शेवटची तालीम सुरू झाली. पुटपुट आपल्या जागेवर, टेबलाशी बसली. ती जागा बरोबर माझ्याखाली. माझ्या आत त्या सकाळी दोनदा कट् झालं, मग तिसऱ्यांदा. मी इतका घाबरलो होतो की थरथरलो असतो, पण वजनाने ताणलेल्या दोराला थरथरताही येत नाही. फक्त तंतूंचा थोडा भुसा सुटला. तो खाली तरंगत गेला आणि तिच्या चहाच्या कपात पडला.

तिने कपात पाहिलं. मग वर पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याखाली बसून वर बघणारं ते पहिलं माणूस.

ती उठून विंगेत गेली. "काका, भिंत खाली घ्या. दोर बघायचाय."

"चारला प्रयोग आहे. मी रोज बघतो तो."

"हात लावून?"

"त्या दोराला कुणी हात लावायचा नाही!" मिस्त्री कधी ओरडत नसत. आजूबाजूची मुलं चपापली.

पुटपुटचा चेहरा पांढरा पडला होता. ती मागे सरकली आणि ताठ उभी राहिली. "मग मी त्या भिंतीखाली बसणार नाही! कुणालाच बसू देणार नाही!"

शेवटच्या रांगेतून सर उठून उभे राहिले. "अगं, हाच आवाज! दोन महिने हाच मागतोय मी!"

कुणी हसलं नाही. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "सगळे बाजूला व्हा."

त्यांनी खुंटीला एक वेढा ठेवून मला सैल सोडायला सुरुवात केली. भिंत निम्मी खाली आली आणि माझा एक पदर तुटला. भिंत हिसका देऊन एकीकडे कलली. मुलं किंचाळली. मिस्त्री पाय रोवून मागे रेलले. उरलेले दोन पदर ताणून ताणून बारीक झाले. आता सुटलो, आता सुटलो, एवढंच माझ्या मनात. टेबल रिकामं होतं, तरी मला तिथे तीच बसलेली दिसत होती. इंच इंच करत भिंत खाली टेकली.

मिस्त्रींनी भिंत आडवी केली, गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून मला मुठीत घेतलं. त्यांचा हात काकूंच्या गाठींवर येऊन थांबला. मग पुढे सरकला आणि त्यांनी तोंडातून श्वास ओढला. तळहातात तंतू रुतले होते.

पुटपुट कपडेपटातून काकूंचा धाग्यांचा डबा घेऊन आली.

"बांध," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही बांधा, काका."

त्यांच्याच्याने गाठ नीट बसेना. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. मग त्यांनी स्वतः सुरी घेतली.

त्या दिवशी भिंत वरून आली नाही. मागून टेकू देऊन ती जमिनीवरच उभी केली. "खिडकी उघडी राहू दे," हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, असं मी ऐकलं. ते म्हणताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती, हेही ऐकलं.

मित्रांनो, आता माझा एक हातभर तुकडा उरला आहे. तीन लाल धाग्यांचा. मिस्त्रींनी तो विंगेच्या दाराशी खिळ्याला लावला आहे. विभागात नवीन आलेल्याला ते डोळे मिटायला सांगतात आणि मला त्याच्या मुठीत देतात. "कुठे टोचतंय ते सांग," म्हणतात. मग सगळे मिळून नवा दोर खाली घेतात.

माझ्यावर आता कसलंच वजन नाही. तरी नवा दोर वर गेला की मी घाबरतो आणि कान लावून बसतो. तुमच्याही घरी कुणीतरी मागे ठेवलेली एखादी वस्तू असेल. लांबून बघून ठीक आहे म्हणू नका. खाली घ्या, हात फिरवा. टोचेल. टोचलं तरी हात मागे घेऊ नका, कारण तिच्याखाली कुणीतरी बसलेलं असतं.