सहा पदरांखाली अप्पा

करोनाच्या आदल्या वर्षी महादेवप्पा गेले, तेव्हा त्यांना रीतीप्रमाणे स्वतःच्याच रानात बसवलं. या लिंगायत घराण्यात गेलेला माणूस आडवा होत नाही. मांडी घालून, पूर्वेला तोंड करून जमिनीत बसतो. शेजारची जागा त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, तेव्हाच धरून ठेवली, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी.

पुढं अक्कलकोटच्या अंगानं टोलचा नवा सहापदरी द्रुतगती महामार्ग आखला गेला आणि त्याच्या बरोबर मधोमध अप्पा आले.

सोमशेखरला, म्हणजे त्यांच्या मुलाला, रान गेल्याचं दुःख होतंच. पण रान काही विचारत नव्हतं. अव्वा, म्हणजे आई गिरिजाबाई, रोज विचारायची, "मग मी कुटं बसू?"

शेवटी साइटवरचा इंजिनियर मुबीन घरी आला. पोरगा सोलापूरचाच. त्यानं मोबाइलवर नकाशा उघडून धरला.

"बघा आजी, हे सगळं रस्त्यांचं जाळं. सगळा देश जोडतोय आपण."

"जोडा की. मदी आमचा माणूस बसलाय, येवढंच."

"वर दोन पुरुष उंच भराव येणार. आजोबांना धक्कासुद्धा लागणार नाही."

"तुमच्यात कसं करत्यात रं?"

"आमच्यात झोपवतात, आजी."

"मग तुमचं बरं हाय. झोपलेल्यावरनं काय बी जाऊ दे. बसलेल्या माणसाच्या डोस्क्यावरनं ट्रक जायाचा म्हंजे..."

मुबीननं मोबाइलवरचा नकाशा बंद केला. इंजिनियरिंगला हा भाग नव्हता.

"भेटायला कसं जायाचं मग?" सोमशेखरनं विचारलं.

"चालत नाही जाता येणार. बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, काहीच नाही. टोलनाक्यावरून चारचाकीनं चढायचं."

"आणि हितं थांबायचं?"

"थांबायला मनाई आहे."

म्हणजे अमावास्येचा नैवेद्य ताशी शंभरच्या वेगानं दाखवावा लागणार होता.

अप्पांना हलवायचं ठरलं. विधी करणारे जंगम, विरुपाक्ष स्वामी आले. बसलेल्याला उठवायचं शास्त्रात नाही, म्हणाले. पण शास्त्रात महामार्गही नाही. त्यांनी बेलपत्र वाहून समाधीशी वाकून सांगितलं, "महादेवप्पा, जरा पलीकडं सरकायचंय बाबा." कुणी हसलं नाही.

सोमशेखर स्वतः खणायला उतरला. काळी माती निघत गेली, निघत गेली, आणि मग फावड्याला पांढरं लागलं. बसवताना भोवती घातलेलं मीठ आणि विभूती. त्याचे हात थांबले. खाली, हातभर अंतरावर, बाप होता.

अव्वा कडेला येऊन वाकली. तिनं आत बघितलं.

"बास. माती लोट."

"अव्वा, आता लोटली तर परत न्हाय हं उकरता येणार. तुझी जागा बी गेली मग."

"कळतंय मला. दुपारचं कुणी उठीवलं तर घर डोस्क्यावर घ्यायचा माणूस. आता कुटं उठीवतोस त्येंला."

पहिली मूठ तिनंच टाकली. ती टाकताना तिचा हात शेजारच्या मोकळ्या जागेवर क्षणभर टेकला. मग तिनं तो पदराला पुसला.

रस्त्याच्या पूर्वेला रानाची एक पट्टी उरली होती. तिथं जाऊन अव्वा मांडी घालून बसली. सोमशेखरनं अंदाज घेतला. तिच्या आणि अप्पांच्या मध्ये आता तीन पदर आणि एक कुंपण येणार होतं.

"अव्वा, पूर्वेला तोंड केलं की अप्पा तुझ्या पाठीमागं येत्यात. तुला त्येंच्याकडं तोंड करून बसवू काय?"

स्वामी खाकरले.

"नगं," अव्वा म्हणाली. "बाजाराला, देवाला, लगीनकार्याला, जलमभर मी त्येंच्या पाठीकडं बघत चालले. आता बसू दे की त्येंला माझ्या पाठीकडं बघत."

सोमशेखरनं खुंटी ठोकली. अव्वानं ती हलवून बघितली आणि आणखी चार पावलं पुढं घ्यायला लावली. ट्रकची धूळ येईल, म्हणाली.