वाफेच्या मशीनचा ट्रे

मी कागदाच्या लगद्याचा ट्रे बोलतोय. नव्या वस्तूचा खोका उघडला की आत राखाडी, खडबडीत, खाचाखळग्यांचं काहीतरी असतं ना, तोच मी. वस्तू बाहेर काढून तुम्ही मला बाजूला टाकता, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या पोटातली पोकळी एकाच वस्तूच्या मापाची आहे. दुसरं काही तिच्यात नीट बसत नाही.

दोन हजार दोनच्या सुमारास कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. रद्दी, जुन्या वह्या, फाटकी खोकी हौदात भिजत घातली आणि घुसळली. त्या लगद्यात जाळीचा साचा बुडवला, पाणी शोषून घेतलं, आणि साच्याला चिकटून उरला तो मी. वाळून बाहेर आलो तेव्हा तानाबाई नावाच्या कामगार बाईंनी मला बोटानं वाजवून बघितलं. "थर्माकोलपरास ह्यो बरा. कुरकुरत तरी न्हाय," त्या म्हणाल्या. जन्मल्यावर कौतुक झालं ते एवढंच.

माझ्या जोडीला वरचा, झाकणाचा ट्रे होता. आम्हा दोघांच्या मध्ये वाफेचं मशीन बसवलं. डॉक्टर त्याला नेब्युलायझर म्हणतात. दमेकऱ्याच्या तोंडाला मास्क लावून ते चालू केलं की औषधाची वाफ छातीत उतरते. अंगानं जड, पण आतून नाजूक.

कोल्हापुरातल्या दुकानातून आम्ही चंदगडजवळच्या एका वाडीत गेलो, हंबीररावांच्या घरी. हंबीररावांची उमेदीची सारी वर्षं शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत, लोखंड ओतायचे रेतीचे साचे भरण्यात गेली होती. छाती धुळीनं भरली तसे ते बायकोला, झुंबरबाईंना घेऊन गावी परतले होते. मूलबाळ नव्हतं. मीही शिरोलीचाच, हे त्यांना सांगावंसं मला फार वाटायचं.

मशीन कॉटशेजारच्या स्टुलावर बसलं आणि आम्ही दोघं कॉटखाली गेलो. चंदगडचा पाऊस घराच्या आतही येतो. भिंती ओल धरतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. झाकणाच्या ट्रेमध्ये झुंबरबाईंनी मिरचीची रोपं लावली. पावसात तो विरघळून रोपांसकट मातीत गेला. त्याला निदान काम मिळालं. मी एकटा राहिलो.

तरी ऐकायला बरंच असायचं. मशीन घर्रघर्र करायचं आणि त्या आवाजाच्या वरताण दोघं मोठ्यानं बोलायची.

"अवो, मास्क नीट धरा की!"

"धरलाय की! वरडतीस कशाला?"

"वरडू न्हाय तर काय करू? मशीन बोलू देतंय व्हय?"

मग हंबीरराव मास्कच्या आत हसायचे, त्यांना खोकला यायचा, आणि बाई पुन्हा ओरडायच्या.

एका हिवाळ्यात हंबीरराव गेले. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच. तेरावा झाला, पाहुणे पांगले. घर इतकं गप्प झालं की छपरावरून फिरणारी मांजर मला ऐकू यायची.

एके दिवशी दिवेलागणीला झुंबरबाईंनी मशीनचं बटण दाबलं. औषध नव्हतं, मास्क खुंटीला तसाच होता. मशीन घरघरू लागलं आणि त्या रिकाम्या कॉटकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "आज भात लई उरला बघा!" थोडा वेळ बसल्या. मग बटण बंद केलं.

पुढं हे रोजचंच झालं. लाइट गेलेली असली की बटणावर हात ठेवून नुसत्या बसून राहायच्या.

उन्हाळा सरता सरता चन्नाप्पा भेटायला आले. फाउंड्रीत हंबीररावांच्या बरोबरीनं काम केलेले, गडहिंग्लजच्या पलीकडे कर्नाटकच्या सीमेलगत राहणारे. निघायची वेळ झाली आणि त्यांची नजर स्टुलावर गेली.

"वैनी, चालतंय हे अजून?"

"चालतंय की."

"आमची नात, भूमिका... तिलाबी दमा हाय. पाऊस लागला की पोरगी आडवी पडत न्हाय. बसूनच झोपती."

झुंबरबाईंनी रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, "आणखी चहा टाकू, भावजी?"

चन्नाप्पांनी मागितलं नाही, बाईंनी दिलं नाही. त्या संध्याकाळी मशीन घरघरलं, पण बाई एक शब्द बोलल्या नाहीत.

सकाळी त्यांनी मला कॉटखालून ओढलं, जळमटं झाडली आणि मशीन माझ्यात ठेवलं. तसूभर हललं नाही. किती वर्षांनी पोट भरलं म्हणून सांगू! वरून हंबीररावांच्या धोतरानं आम्हाला घट्ट बांधलं आणि आम्ही एसटीत बसलो.

एका वळणावर गाडीसमोर म्हैस आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि आम्ही सामानाच्या फळीवरून धाडकन खाली आलो. माझा कोपरा चेमटला, बाजू चिरली. मशीन मात्र मी जमिनीला लागू दिलं नाही.

"मावशी, फुटलं काय?" कंडक्टरनं विचारलं.

बाईंनी बोचकं मांडीवर घेतलं. सोडून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. उतरेपर्यंत त्यांनी मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

चन्नाप्पांच्या घरी गाठ सोडली. प्लग लावला. मशीन घरघरलं! त्या आवाजाला भिऊन भूमिका आज्जाच्या मागं लपली. झुंबरबाईंनी मास्क आधी स्वतःच्या तोंडाला लावला. "बघ, काय हुतंय का मला?" पोरगी हळूच पुढं आली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नीट धर की, बाळ."

चन्नाप्पा संकोचले. "वैनी, तुमच्या घरातलं..."

"माझ्या घरात ते भिताडाला वाफ देत हुतं, भावजी. ऱ्हाऊ दे हितं."

निघताना चन्नाप्पांनी मला उचललं. "ह्यो फाटका पुठ्ठा बंबात घालतो."

"नगं," बाई झटकन म्हणाल्या. "त्यो माझ्यासंगं येतोय."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही कळलेलं नाही.

आता मी पुन्हा कॉटखाली आहे. बाहेर पाऊस आहे आणि चिरलेल्या बाजूनं मी मऊ पडत चाललोय. आणखी एखादा पावसाळा, मग मी पुन्हा लगदा होईन. कधी कधी झुंबरबाई मला बाहेर ओढतात, पोकळीतून हात फिरवतात आणि परत आत सारतात. आता घरघर नाही, तशा त्या बोलतही नाहीत. मला तर त्यांच्याशी बोलताच येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी चंदगडकडं आलात तर पावणं म्हणून या घरी या. चहाला नाही म्हणू नका. आणि बसाल तेवढा वेळ, जरा मोठ्यानं बोला.