हाडापेराने मजबूत

"बिग-बोन्ड," मॅनेजर फोनवर म्हणाला. काउंटरवर शर्टांच्या घड्या घालणाऱ्या ताईंकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने आवाज खाली आणला.

तयार कपड्यांच्या त्या दुकानात ताई कित्येक वर्षं पुढच्या काउंटरवर होत्या. मॅनेजर नवा होता, गोडबोल्या. चांगलं बोलत असेल, तर आवाज कशाला चोरायचा, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

घरी भाजी निवडताना त्यांनी लेकीला विचारलं, "बिग-बोन्ड म्हणजे काय गं?"

"कोण म्हणालं?"

"आधी अर्थ सांग."

"हाडापेराने मजबूत." लेक उगीचच उठून पाणी प्यायली.

"म्हणजे आपण खात्यापित्या घरची म्हणतो, तसं?"

"तसंच काहीतरी. चांगलाच शब्द आहे, आई."

ताई भाजी निवडता निवडता लेकीच्या पाठीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्यांना मागच्या गोदामात पाठवलं. "बसून काम आहे, ताई. गुडघ्यांना आराम." गुडघ्यांची तक्रार त्यांनी कधी केली नव्हती. त्यांच्या जागी एक शिडशिडीत मुलगी उभी राहिली.

दुपारी पुढून निरोप आला, सगळ्यात मोठ्या मापाची पँट आणा. ताई घेऊन गेल्या. आरशासमोर कॉलेजातली एक मुलगी उभी होती आणि मॅनेजर तिला हसून सांगत होता, "जाड कुठे? तू बिग-बोन्ड आहेस." मुलीने हातातली पिशवी पोटाशी धरली. काउंटरवरची शिडशिडीत मुलगी तोंड फिरवून हसली.

ताई पुढे झाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "ही सैल होईल तुला. दुसरी देते. माझंही पोट असंच आहे, मला ठाऊक आहे काय बसतं ते."

ती मुलगी दुसरी पँट घेऊन ट्रायल रूममध्ये गेली तसं त्यांनी मॅनेजरला विचारलं, "मी जाड आहे म्हणून मागे पाठवलंत ना?"

"छे हो, असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. काल, फोनवर."

तो हँगर सारखे करू लागला. "वरून सांगितलंय, ताई."

"मग तसं सांगायचं. मी काही मोडून पडले नसते."

मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "हीच द्या." ताईंनी पँटची नीट घडी करून तिच्या हातात दिली.

मग त्या गोदामात गेल्या. दोन मांडण्यांमधली वाट अरुंद होती. ताई अंग तिरपं करून आत शिरल्या आणि खालच्या कप्प्यातला माल मापाप्रमाणे लावू लागल्या.