आठ तासांची ड्युटी

"सर, पाचवीतल्या पोरांना आता नापास करणार म्हणे. मग त्यांना पास व्हायला शिकवणार कोण?"

हा प्रश्न सव्वीस जानेवारीला, लाडू वाटून झाल्यावर, दावीद सरांना सगळ्या पालकांसमोर विचारायचा, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, धनश्री आणि जस्मिननं, माझ्याशी लावली होती. मी नववीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही, पण आता माईक दिसला की हात शिवशिवतात. दावीद सरांनी मला चौथीपर्यंत शिकवलंय. ते रोज केडगावहून गाडीवर आमच्या कारेगावच्या शाळेत येतात आणि सहसा रागवत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"तू शिकव की गौतमी. उद्यापासून."

धनश्री हसून हसून खालीच बसली.

नियम सोपा होता. वार्षिक परीक्षेत नापास झालं तर जूनमध्ये फेरपरीक्षा. तिथंही नापास झालं तर परत पाचवी. सरांनी मला पाच पोरं दिली आणि आम्ही रोज संध्याकाळी विहारात बसायला लागलो. चौघांचं जमण्यासारखं होतं. काळजी होती रिमझिमची. तिचे वडील बिहारचे, इथं कंपनीत कामाला. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "फेल हुई तो दादी के पास गाँव भेज देंगे. यहाँ रखके क्या फायदा?"

रिमझिम खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिली.

फेब्रुवारीत मी वेळेची गणितं घातली. सुमन नऊला बाजारात गेली, दोनला आली, किती तास लागले? पाच. रिमझिमचं बरोबर. कामगार सकाळी सातला गेला, संध्याकाळी सहाला आला, किती तास बाहेर होता? तिनं लिहिलं, आठ. मी लाल फुली मारली. मग बाकीच्यांच्या वह्या बघितल्या. पाचही वह्यांत आठ.

"एकमेकांचं बघून लिहिलं व्हय रे?"

"न्हाई ताई," सगळे एका सुरात.

"मग आठ कुठून आले?"

रिमझिम म्हणाली, "दीदी, ड्युटी आठ घंटे की ही होती है. बाकी ओटी, ओवरटाइम. वो अलग लिखते हैं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरी पप्पांना विचारलं, तर तेही म्हणाले, "बरोबरच हाय की. आठ आन् तीन ओटी."

म्हणजे तिला अकरा येत होते. मी तिला विचारलंच नव्हतं. मग मी तिची जुनी वही काढली. फुल्याच फुल्या. दुसऱ्या दिवसापासून फुली मारायच्या आधी 'हे कसं काढलंस?' असं विचारायला लागले. वेळ लागायचा, पण रिमझिम बोलायला लागली. फक्त भागाकार आला की गप्प.

एप्रिलमध्ये पेपर झाले आणि एक मेला निकाल लागला. चौघं पास. रिमझिम मराठीत पास, इंग्रजीत पास. गणितात पन्नासपैकी चौदा. अठरा पाहिजे होते.

मी तिच्या खोलीवर गेले तेव्हा तिची आई भांडी पोत्यात भरत होती. वडील म्हणाले, "परसों की गाड़ी है. ये अब उधर ही पढ़ेगी."

"अंकल, जून में फिर परीक्षा है. चार ही नंबर कम हैं."

"जून तक हम छुट्टी पे गाँव में. यहाँ इसको रखेगा कौन?"

रिमझिम माझ्याकडे बघत होती.

"हम रखेंगे," मी म्हणाले.

त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्हीदा तेच सांगितलं.

घरी आले तर आई माझी पिशवी भरत होती. सुट्टीत मी दौंडला मामाकडं जाते, दर वर्षी. पप्पा शेजारी चहा पीत बसले होते.

"आई, ते कपडे बाहेर काढ," मी म्हणाले. "मी यंदा मामाकडं जात न्हाई. आन् पप्पा, परवापासून फेरपरीक्षेपर्यंत रिमझिम आपल्याकडं राहणार हाय. तिच्या वडलांना मी सांगून आलेय."