पाणी पिणारी गल्ली

त्रिवेणी माझी भाची, भावाची मुलगी. इंजिनिअर. आमच्या गौलीगुड्याच्या गल्लीत तिने नव्या तऱ्हेची फरशी बसवली. वाळू घालायचीच नाही. नुसती बारीक खडी सिमेंटात अशी धरायची, की खडे चिकटतील पण मधे फटी राहतील. "शेंगदाण्याची चिक्की समज, आत्या," ती म्हणायची. गेल्या पावसाळ्यात पाणी फटींतून खाली मुरलं आणि इंदुमतीवहिनींच्या स्वयंपाकघरात लग्नानंतर पहिल्यांदा गटार शिरलं नाही. यंदा महापालिकेचे साहेब भर पावसात पाहणी करणार होते. पसंत पडलं तर शहरात आणखी गल्ल्या, नाही तर ही फरशी उखडून साधं सिमेंट.

वहिनींना लेकीचं कौतुक केवढं! रोज सकाळी सडा, रांगोळी. पण रांगोळी टिकेना. "मेली फरशी गिळते गं," म्हणाल्या, आणि शेण दाट कालवून सारवायलाच लागल्या. बघून बघून साऱ्या गल्लीने तेच धरलं. फरशीवर माती टाकू नका, हे त्रिवेणीने घरोघर सांगितलं होतं. पण शेण-रांगोळीला माती कोण म्हणतं?

साहेब आले तेव्हा घोटाभर पाणी तुंबलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार श्रीकांत ओरडला, "क्या त्रिवेणी, तेरी सडक का पेट भर गया क्या?" गल्ली हसली.

त्रिवेणीने पाण्यात हात घालून नखाने फट खरवडली. हिरवट पांढरा गोळा निघाला. तिने दाराकडे पाहिलं. वहिनी पदर खोचून पातेल्याने घरातलं पाणी उपसत होत्या.

"देखभाल कमी पडली, की मालच वाईट?" साहेबांनी विचारलं. "देखभाल असेल तर साफ करून पुन्हा बघू."

सगळे कान देऊन उभे. आईचं नाव निघालं असतं, तर घरोघर पाणी शिरल्याचं खापर गल्लीने जन्मभर तिच्याच माथी फोडलं असतं.

"मालच," त्रिवेणी म्हणाली. "माझंच चुकलं."

साहेब गेले. वहिनींनी पातेलं ठेवलं, ओल्या हाताने लेकीचे डोळे पुसले.

"रडतेस कैकू गं? पुढच्या वेळी फटी ठेवू नकोस, म्हणजे झालं."

"हौ आई," त्रिवेणी म्हणाली.